येवल्याची अंबा : एका नटीच्या स्मृतीचें जतन

कवि गेला तरी त्याची पोथी उरते, शिल्पकार गेला तरी दगड उरतो. परंतु नट गेला कीं त्याची कला त्याच्याबरोबरच जाते, असें आमचे वाडवडील म्हणत असत. चित्रपट आल्यावर हा शाप सुटला असें सर्वांस वाटलें. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यास आम्हां नांदगांवकरांस फार दूर जावें लागत नाहीं. आगगाडीनें मनमाड गांठून दौंडच्या फांट्यानें थोडें पुढें गेलें म्हणजे येवलें लागतें. पैठणीच्या मागांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवीं, लक्ष्मणराव शगुन या रेशमी व सुती कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं, १८ एप्रिल १९१६ रोजीं अंबा नांवाची मुलगी जन्मास आली. तीच पुढें ललिता पवार या नांवानें साऱ्या देशास परिचित झाली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यास औंध येथें ललिताबाईंचा देहान्त झाला. त्या वेळीं त्या घरांत एकट्याच होत्या, आणि ही गोष्ट उघडकीस येण्यास दोन दिवस लागले. सात दशकें जी स्त्री लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर वावरली, तिच्या अखेरीस साक्षीला कोणी नसावें, या वार्तेनें आमचें मन विषण्ण झालें. आम्हीं कांहीं स्नेह्यांनीं नांदगांवीं एक जाड वही सुरू केली. वृत्तपत्रांचीं कात्रणें, चित्रपटांच्या जाहिराती, चित्रगृहांत मिळणारीं गाण्यांचीं पुस्तकें, छायाचित्रें, जें जें हातीं येई तें तें आम्ही तींत चिकटवीत गेलों. हेतु भक्तीचा होता. इतिहास लिहावा ही आकांक्षा मुळींच नव्हती.

वही भरत आल्यावर ती एकदां आरंभापासून चाळली, तेव्हां आम्हांस आपलीच लाज वाटली. बहुतेक सर्व पानें दोनच विषयांनीं व्यापलीं होतीं. एक, सुनेस छळणारी खाष्ट सासू. आणि दुसरा, ती प्रसिद्ध थप्पड. १९४२ सालीं ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रणांत एका प्रसंगीं मास्टर भगवान यांची थप्पड ललिताबाईंस अनपेक्षित जोरानें बसली, चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला व डावा डोळा कायमचा अधू राहिला. ही हकीकत खरी आहे. पण तिच्यावर लोकांनीं जी इमारत रचली ती मात्र तपासून घेण्यासारखी आहे. ‘तीन वर्षें उपचारांत गेलीं, नायिका संपली, आणि मग सासू जन्मास आली,’ अशी ती कथा सांगितली जाते. कथा नीटनेटकी आहे. परंतु प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ सालचा आहे, आणि त्यांतली आनंदीबाई ललिताबाईंचीच आहे. म्हणजे उपचार चालू असतांनाच ही बाई पेशवाईंतल्या सर्वांत अवघड स्त्रीची भूमिका उभी करीत होती. कथा तिला तीन वर्षें अंथरुणावर ठेवते. सनावळी तिला कामावर दाखविते. आमच्या मतें दुसरेंच चित्र तिच्या अधिक योग्यतेचें आहे.

हा एक धागा हातीं लागल्यावर आम्हीं मागें जाऊन पाहूं लागलों, तों प्रत्येक पायरीवर हाच अनुभव. ललिताबाईंनीं वयाच्या नवव्या वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ या १९२८ सालच्या मूकपटांत प्रथम काम केलें, असें जेथें तेथें छापलेलें आढळतें. जन्म १९१६ चा धरला तर १९२८ सालीं त्या बारा वर्षांच्या होतात. हीं तिन्ही विधानें एकत्र नांदूं शकत नाहींत. तरीही कात्रणामागून कात्रण तींच उतरवीत आलें आहे, आणि आमच्या वहींतही तीं निमूटपणें शेजारीं शेजारीं चिकटलीं होतीं! प्रेमानें जपणाऱ्या माणसाला बेरीज-वजाबाकी करण्याचें सुचत नाहीं. हा आमच्या भक्तीचा पहिला दोष.

दुसरा दोष याहून मोठा. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटांत त्या नुसत्या नायिका नव्हत्या, निर्मितींतही भागीदार होत्या. १९३८ सालीं ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनीं काढला. त्या पडद्यावर स्वतः गात असत. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९), मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) यांत त्या आहेत. विशीच्या आंत-बाहेरची एक मुलगी स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढते, ही गोष्ट थपडेहून शतपट सांगण्याजोगी होती. पण आमच्या वहींत तिला अर्धें पानही मिळालें नव्हतें.

याचें कारण केवळ आमची उदासीनता नव्हे. आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले, आणि त्यांतले पूर्ण वा तुकड्यांनीं उरलेले तिसांच्या घरांत आहेत. त्या काळची फीत नायट्रेटची, भडकन् पेटणारी. जी जळाली नाहीं ती वितळवून तींतली चांदी काढून घेण्यांत आली. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांस कोणी विचारीनासें झालें. त्या पहिल्या ‘आलम आरा’चीही आज प्रत नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर जें जायचें तें गेलें होतें.

आणि तरी जें वांचलें तें कसें वांचलें, हें आमच्याच जिल्ह्यानें दाखविलें आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांस १९१३ सालीं तारामतीच्या कामासाठीं स्त्री मिळाली नाहीं; साळुंके नांवाच्या पुरुषानें तें काम केलें. सहाच वर्षांनीं ‘कालियामर्दना’त त्यांची स्वतःची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली, आणि त्या मुलीचा अभिनय आजही पाहावयास मिळतो. अंबेनें बालपणीं केलेलें काम मात्र कोणास दिसत नाहीं. शांता आपटे, हंसा वाडकर, दुर्गा खोटे यांनीं आपापल्या हकीकती आपल्याच शब्दांत पुस्तकरूपानें ठेवल्या. ज्या नटीची फीत गेली, तिच्यासाठीं मग चाहत्याचा कागदच उरतो. आणि तो कागद खोटा निघाला तर तिच्यापाशीं दुसरा साक्षीदार नाहीं.

कोणी म्हणेल, लोकांनीं सासू लक्षांत ठेवली, यांत त्यांचें काय चुकलें? चुकलें असें आम्हीही म्हणत नाहीं. आमच्या बाजूच्या बायाबापड्या त्या सासूस बोटें मोडीत, त्या आपल्याच घरांतल्या कोणास तरी मोडीत असत. हें अभिनयाचें सामर्थ्यच होय. १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेंतली मंथरा ज्यांनीं पाहिली ते तिला विसरले नाहींत. परंतु तोच अधू डोळा १९५९ च्या ‘अनाड़ी’मध्यें मिसेस डिसा झाल्यावर मायेनें ओलावतो, आणि त्या भूमिकेसाठीं त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंही त्यांचा गौरव केला. म्हणून सासूचीं पानें आम्हीं फाडलीं नाहींत. तीं त्यांच्या जागीं, त्यांच्या सालांत नेऊन बसविलीं.

आतां दुसरी वही घातली आहे. तींत सालवार नोंदी आहेत, आणि प्रत्येक नोंदीसमोर दोन रकाने : एक, ‘स्वतः पाहिलें’, दुसरा, ‘छापलेलें वा ऐकलेलें’. वयाचा घोळ आम्हीं मिटविलेला नाहीं. दोन्ही विधानें समोरासमोर लिहून ठेवलीं आहेत. १९२८ पासून १९३२ पर्यंतचीं पानें जवळजवळ कोरीं आहेत. तीं स्तुतीनें भरण्याचा मोह पुष्कळदां झाला, पण आवरला.

येवलें, मनमाड, मालेगांव, नाशिक येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर, व्यापाऱ्यांच्या दप्तरांत, लग्नाच्या पेट्यांच्या तळाशीं कागद अजून असतात. त्यांत एखादी मूकपटाची जाहिरात निघाली, तिच्यावर तारीख असली, तर वाचकांनीं ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां निरखून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. कोऱ्या पानांवर पहिली ओळ तिच्यामुळेंच पडेल.