निनावी, टोपणनाव आणि कांद्याचे पापुद्रे

मुक्काम: बोम्मसंद्रा, बेंगळुरू

मित्रांनो, यावेळचा मुक्काम होसूर रोडवर, आनेकल तालुक्यातल्या बोम्मसंद्रा इथे आहे. चहूकडे कारखाने, शेजारी इलेक्ट्रॉनिक्स सिटी, आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन. इथे चहाच्या टपरीवरसुद्धा 'डार्क वेब', 'व्हीपीएन' असे शब्द कानावर पडतात. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी आपली पोरं ते वहीत उतरवून घेतात आणि पुढे सगळ्यांचा एकच अर्थ लिहितात: 'गुप्त'. घोटाळा तिथेच होतो. या प्रत्येक शब्दाला स्वतःचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा इतिहास फौजी आहे.

'अनॉनिमस'पासून सुरुवात करू. हा शब्द ग्रीक भाषेतून आला. 'अन्' म्हणजे नाही, 'ओनिमा' म्हणजे नाव. आपला 'अनामिक' अगदी असाच बनलेला आहे, आणि ग्रीक 'ओनिमा' व संस्कृत 'नाम' हे एकाच मुळाचे भाऊबंद आहेत. करंगळीशेजारच्या बोटाला आपण अनामिका म्हणतो, म्हणजे नाव नसलेलं बोट. तेव्हा हा शब्द पाठ करायची गरजच नाही, तो आपल्या हातातच आहे.

'स्यूडोनिम' म्हणजे मात्र टोपणनाव, निनावी नव्हे. गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी 'लोकहितवादी' या नावाने शतपत्रं लिहिली. निनावी पत्राला मागचा-पुढचा धागा नसतो. टोपणनावाला ओळख असते, वाचक असतात, इतिहास असतो. तीच त्याची ताकद, आणि तोच त्याचा धोका.

धोका कसा, ते 'सिल्क रोड'वरून कळतं. २०११ मध्ये इंटरनेटच्या अंधाऱ्या भागात हा बाजार सुरू झाला, आणि तिथे मुख्यतः अमली पदार्थ विकले जायचे. चालवणारा रॉस उलब्रिक्ट टोपणनावाने वावरत होता. पण सुरुवातीला या बाजाराची जाहिरात करताना त्याने जे टोपणनाव वापरलं, त्याच नावाखाली दुसरीकडे त्याने स्वतःच्या खऱ्या नावाचा ईमेल पत्ता देऊन ठेवला होता. तपास करणाऱ्याला तो धागा सापडला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात त्याला पकडलं.

आता 'डीप वेब' आणि 'डार्क वेब'. पेपरवाले हे दोन्ही एकच समजून छापतात. 'डीप वेब' हा शब्द २००१ मध्ये मायकेल बर्गमन यांच्या लेखामुळे रुळला. सर्च इंजिनला जे सापडत नाही ते सगळं डीप वेब. तुमचं बँकेचं खातं, तुमचा मेल, कचेरीची पासवर्डमागची पानं, सगळं त्यात आलं. त्यात काळंबेरं काही नाही. 'डार्क वेब' हा त्यातला छोटा कोपरा, जिथे जायला खास सॉफ्टवेअर लागतं. त्यातलं सर्वात प्रसिद्ध म्हणजे 'टॉर'.

टॉर म्हणजे 'द अनियन राउटिंग'. अनियन म्हणजे आपला कांदा, इथल्या बाजारातली ईरुळ्ळी. ही कल्पना कुठल्या चोराची नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत गोल्डश्लाग, रीड आणि सायव्हर्सन या तिघांनी ती मांडली. फौजी भाषेत सांगायचं तर लखोट्यात लखोटा, त्यात आणखी एक लखोटा. पहिला हरकारा पाठवणाऱ्याला ओळखतो, पण पत्र शेवटी कुठे जाणार ते त्याला ठाऊक नसतं. मधल्याला दोन्हीही ठाऊक नसतं. शेवटचा ठिकाण जाणतो, पण पाठवणारा कोण ते जाणत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरता एक पापुद्रा सोलतो.

इथे नौदलाला एक अडचण आली, आणि या इतिहासातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. हे जाळं फक्त नौदलानेच वापरलं असतं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शत्रूला न सांगता कळलं असतं. बुरखा चांगला, पण गावात एकालाच बुरखा असेल तर तोच ओळख बनतो. म्हणून हे जाळं सर्वांसाठी खुलं ठेवावं लागलं. २००२ मध्ये टॉर चालू झालं, २००४ मध्ये त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला केला, आणि २००६ मध्ये ते चालवायला ना-नफा संस्था उभी राहिली. आज पत्रकार, पोलीस, घरच्या मारहाणीतून सुटू पाहणारी बाई आणि गुन्हेगार, सगळे त्याच गर्दीत चालतात.

हे आपल्याला नवीन नाही. १९४२ नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकारचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं भूमिगत राहिले. 'भूमिगत' म्हणजे काही जमिनीखाली राहणं नव्हे. गावच्या गाव त्यांना पोटात घेत होतं, म्हणून ते सापडत नव्हते. त्याच वर्षी मुंबईत उषा मेहता आणि साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटर ही लहर जाहीर सांगायची, ठिकाण मात्र 'भारतात कुठेतरी' एवढंच. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत राहायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. उषाताईंच्या सांगण्यानुसार त्यांचाच एक तंत्रज्ञ फुटला होता. यंत्र नव्हे, माणूस फुटतो. सिल्क रोडलाही हेच लागू पडतं.

'व्हीपीएन'बद्दल तर गैरसमज फार. पोरांना वाटतं, ते लावलं की आपण अदृश्य. कांद्यात तीन हरकारे आहेत, इथे एकच ठेकेदार. तुम्ही कोण आणि कुठे निघालात, दोन्ही त्याला दिसू शकतं. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. म्हणजे व्हीपीएनमुळे विश्वासाची जागा बदलते, विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही.

शेवटचा शब्द 'प्रायव्हसी'. वर्तमानपत्रं 'गोपनीयता' लिहितात. आपल्याकडे गोपनीय म्हणजे शिक्का मारलेली फाईल, म्हणून मला 'खासगीपणा' जास्त बरोबर वाटतो. गोपनीय ते, जे सांगायचं नाही असा हुकूम आहे. खासगी ते, जे सांगायचं की नाही हे माझं मी ठरवतो. हा हक्क मिळवायला बेंगळुरूचाच एक माणूस कोर्टात गेला होता: कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. २०१२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

आपण वर्दीतली माणसं. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, तेव्हा बरीच कुरकुर झाली. पण समोरची 'मैत्रीण' टोपणनावाने बोलत असते आणि आपण खऱ्या नावाने, ही लढाई बरोबरीची नाही. तेव्हा वहीत 'गुप्त' खोडा आणि चार शब्द वेगळे लिहा: निनावी, टोपणनाव, गोपनीय, खासगी. कुठे आपण कोणत्या घरात उभे आहोत हे ज्याला कळतं, त्याला जाळ्यात ओढणं अवघड जातं.

जय हिंद.