अमेरिकेतील खासगी टपालाची तिकिटे

अमेरिकन सरकारने देशभर चालणारी टपालतिकिटे काढली ती 1847 मध्ये. त्याआधीच, फेब्रुवारी 1842 मध्ये, न्यू यॉर्कच्या सिटी डिस्पॅच पोस्ट या खासगी कंपनीने वॉशिंग्टनचे चित्र असलेले तीन सेंटचे तिकीट विकायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी सरकारने ती कंपनीच विकत घेतली.

सरकारी टपाल तेव्हा महाग होते, म्हणून शहराशहरांत स्वस्त दराचे खासगी टपालवाले उभे राहिले. लायसँडर स्पूनरच्या अमेरिकन लेटर मेल कंपनीच्या तिकिटावर तर डॉलरला वीस हा भावच छापलेला असे. 1845 च्या कायद्याने सरकारी दर उतरले आणि दोन शहरांमधली खासगी वाहतूक बंद पडली. शहरांतर्गत टपाल मात्र 1861 पर्यंत टिकून होते. फिलाडेल्फियातील ब्लड या खासगी टपालकंपनीच्या एका तिकिटावर इमारतींवरून ढांग टाकणारा टपालवाला आहे. या साऱ्या तिकिटांत इतके जिवंत चित्र क्वचितच सापडते.

1860 च्या दशकात संग्राहकांची मागणी वाढली आणि बॉस्टनच्या एस. ॲलन टेलरसारख्यांनी बनावट तिकिटांचा सुळसुळाट केला. त्यामुळे सुट्या तिकिटावर जाणकार सहसा विसंबत नाहीत. अख्खा लिफाफा हाती आला, की शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरली आहे का, पत्ता आणि तारीख त्या कंपनीच्या काळाशी व मार्गाशी जुळतात का, हे तपासता येते. म्हणूनच डाग पडलेला, कडा झिजलेला अस्सल लिफाफा कोऱ्या तिकिटापेक्षा कितीतरी मोलाचा ठरू शकतो.