यातली बंदूक कोणती?



गेल्या वर्षी तीन महिने मुलाकडे टेक्सासला होते, हे तुम्हा नातेवाइकांना ठाऊक आहेच. तिथले ऊन, देऊळ, मॉल सगळे फोनवर सांगून झाले. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली होती.

शेजारचे गृहस्थ फार भले. मुलगा फिरतीवर असला की न सांगता आमचेही गवत कापून देत. एका शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये टेबलावर रायफल सुटी करून ठेवलेली दिसली. नवा दस्ता, नवी मूठ, दुर्बीण, नळीला लावायची छोटी विजेरी... बहुतेक सामान कुरिअरने घरपोच आलेले! आपल्याकडची पोरे बुलेटला नवा सायलेन्सर बसवताना जशी खुशीत असतात, तसे ते एकेक भाग दाखवत होते. मी मुलाला म्हटले, "त्यांना विचार, यातली बंदूक कोणती?" ते हसले आणि घोडा बसतो तो मधला लहानसा अॅल्युमिनियमचा भाग उचलून म्हणाले, "कायद्याने एवढीच. बाकीचे सुटे भाग."

इतिहासाची बाई मी, गप्प कशी बसणार! घरी येऊन वाचायला घेतले.

या रायफलीचे नाव एआर-१५. 'एआर' म्हणजे आर्मालाइट, ती काढणाऱ्या कंपनीचे नाव. ही कंपनी कॅलिफोर्नियातली, एका विमान कंपनीची शाखा. त्यामुळे युजीन स्टोनर या तिथल्या अभियंत्याने बंदुकीत पोलाद-लाकडाऐवजी अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आणले. १९५९ साली कोल्ट कंपनीने हक्क विकत घेतले. व्हिएतनामच्या युद्धात तीच एम-१६ झाली. नागरिकांसाठी वेगळी आवृत्ती निघाली, तिच्यात दर वेळी घोडा ओढल्यावर एकच गोळी सुटते. पुढे १९७७ मध्ये कोल्टची पेटंटे संपली आणि कोणालाही तशी रायफल व तिचे भाग बनवायची मुभा मिळाली. वरचा आणि खालचा भाग दोन पिनांनी जोडलेला, त्यामुळे बदलणे सोपे. अनुक्रमांक असतो खालच्या भागावर. दुकानातून तो घेताना चौकशी होते, बाकीचे भाग साबणासारखे विकत मिळतात.

१९९४ साली अमेरिकेने बंदी आणून पाहिली. कायद्यात यादी होती: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायची सोय वगैरे. सुट्या मॅगझिनच्या रायफलीत यातल्या दोन गोष्टी असल्या की ती बेकायदा. कारखानदारांनी संगिनीची सोय आणि असेच काही काढून टाकले आणि जवळपास तीच रायफल विकली! २००४ मध्ये त्या कायद्याची मुदतही संपली.

मग आला 'बम्प स्टॉक'. हा एक सरकता दस्ता. धक्क्याने रायफल मागेपुढे होते आणि स्थिर बोटावर घोडा पुन्हापुन्हा आपटतो. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये एकाने असे दस्ते लावलेल्या रायफलींनी गाण्याच्या जलशावर गोळ्या झाडल्या, ६० माणसे गेली. सरकारने हा दस्ता मशीनगनमध्ये धरून २०१९ पासून बंद केला. टेक्सासमधलाच एक बंदूक-दुकानदार न्यायालयात गेला. वाद एका वाक्याचा होता. १९३४ च्या कायद्याप्रमाणे घोड्याच्या एकाच क्रियेने अनेक गोळ्या सुटतात ती मशीनगन. मग इथे क्रिया एक की अनेक? १४ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी म्हटले, दर गोळीमागे घोडा नव्याने हलतो, म्हणून ही मशीनगन नव्हे. तिघांनी म्हटले, माणूस एकदाच दाबतो. सहांचे म्हणणे टिकले, बंदी उठली.

मी मराठीही शिकवले आहे. वाक्यपृथक्करण करताना मुलांना सांगायची, शब्द वेगळे करा, पण शेवटी पूर्ण वाक्य काय म्हणते ते विसरू नका. तो निकाल वाचताना हेच आठवत राहिले.

त्याच आठवड्यात नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, आज आमचा ड्रिल होता. दिवा बंद करून कोपऱ्यात बसायचं. मी अजिबात हसले नाही." तिसरीतली पोर! त्याच टेक्सासमध्ये २४ मे २०२२ ला युव्हाल्डीच्या शाळेत अशाच जातीच्या रायफलीने १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. ३४ वर्षे वर्गात उभी राहिले, पण दाराला आतून कडी लावून मुलांना कुठे लपवायचे, हा विचार मला कधी करावा लागला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना हे सांगितले. ते पोलादी कपाट दाखवत म्हणाले, "माझी कुलपात असते." ते खरेही होते. मग थोडे थांबून म्हणाले, "माझा नातूही त्याच शाळेत आहे." पुढे आम्ही दोघेही काही बोललो नाही.

असो. विमानात बसले तरी माझा प्रश्न सुटला नव्हता. टेबलावरचा प्रत्येक भाग निरुपद्रवी, देणारा-घेणाराही भला माणूस. मग भीती येते कुठून, आणि तिसरीतल्या पोरीपर्यंत पोचते कशी? तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.