तलवारीवरचं नाव कोणत्या रघुजींचं?

आमच्या घरात एक पितळी घागर आहे. तिच्या गळ्याशी नाव घातलंय. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आमच्याकडं रीत, त्यामुळं घागर नेमकी कोणाची, थोरल्यांची की धाकट्यांची, यावरून चुलत्यांत एकदा चांगलीच जुंपली होती. नाव आहे, साल नाही!

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या सदबीजच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली, तेव्हा मला ती घागरच आठवली. ऑगस्टात तलवार मुंबईला आली. पातं सरळ, एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कोफ्तगिरीची. मुठीजवळ पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्यानं अक्षरं आहेत: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग'. (फिरंग म्हणजे युरोपात घडलेल्या पात्याची तलवार. जर्मनीतल्या सोलिंगेनची पाती तर नावाजलेलीच.)

तलवार पहिल्या रघुजींची म्हणून जाहीर झाली. म्हणजे बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाकडून ओडिशा आणि चौथाई मिळवणारे, नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष. ते १७५५ साली वारले. पण सेनासाहेबसुभा हा किताब काही त्यांच्या एकट्याचा नव्हे. शाहू महाराजांनी तो आधी परसोजींना दिला, मग कान्होजींकडं आला. रघुजींनंतर जानोजी, आणि जानोजींनी दत्तक घेतलेले त्यांचे पुतणे. त्यांचंही नाव रघुजीच! १८१६ पर्यंत ते नागपूरच्या गादीवर होते. म्हणजे आजोबा आणि नातू, नाव तेच, किताबही तोच. कोरलेल्या ओळीत साल नाही.

१८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढं भोसल्यांचा खजिना इंग्रजांनी लुटला. तलवार तेव्हा गेली म्हणावं, तरी आपला प्रश्न सुटत नाही. तोवर दोन्ही रघुजी वारले होते आणि दोघांची शस्त्रं एकाच घरात होती.

माझंही मन थोरल्यांकडंच झुकतं, खोटं कशाला बोला. पण वर्गात मी कुणा पोराला एवढ्यावर पूर्ण गुण दिले नसते. अक्षरांचं वळण आणि मुठीवरचं काम साल माहीत असलेल्या भोसल्यांच्या दुसऱ्या शस्त्रांशी ताडून बघायला हवं.

घागरीचा वाद मात्र मिटला. ती सध्या धाकट्या चुलत्यांकडं आहे.