मारियो मिरांडा : रेषेवर पोट भरणारा माणूस आणि त्याची दोस्त मंडळी

जिंतूर : आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आणि महाराष्ट्रात शिकलेल्या बऱ्याच वाचकांनी मारियो मिरांडांची चित्रे लहानपणी पाहिलेली आहेत. बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांत ती असायची. गोल डोळ्यांची मुले, लांब नाकाचे मास्तर, कुठेतरी कोपऱ्यात एक कुत्रा. चित्रे लक्षात राहिली, काढणाऱ्याचे नाव मात्र आम्हालाही शिक्षक झाल्यावर कळले.

आज हा विषय घेण्याचे कारण आमच्या वर्गातले आहे. आठवीतला एक मुलगा वहीच्या मागच्या पानावर आमचेच चित्र काढताना सापडला. पोट जरा जास्तच दाखवले होते, पण चित्र आमचेच होते, यात शंका नाही. रेखाकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म त्याला दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा शाळेत आले. वेल्डिंगचे काम करतात. म्हणाले, "सर, ये लकीरां खींचने से क्या पेट भरता?" प्रश्न रास्त आहे. चित्र काढण्याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत, त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. रेषा ओढून पोट भरते का आणि कसे भरते, एवढेच एका माणसाच्या आयुष्यावरून पाहू.

मारियो यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमणला झाला. दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. घराणे मूळ गोव्याचे, साष्टी तालुक्यातल्या लोटली गावचे. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रे काढायचे. आईने मारण्याऐवजी एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला त्यांनी डायरी म्हटले, आणि पुढे रोजनिशी लिहायची ती चित्रांतच, अशी सवय लागली. आज कोणाकडे गेलो, गावात कोणाचे लग्न झाले, बाजारात कोण भांडले, सगळे चित्रात. त्यातल्या १९४९, १९५० आणि १९५१ च्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. बेंगळुरूच्या शाळेत पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल बोलणी खाल्ली, तेही सांगून टाकतो. म्हणजे आमच्या वर्गातला प्रकार नवा नाही.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून इतिहासात बी.ए. केले. घरच्यांच्या इच्छेने आर्किटेक्चरला गेले, पण तिथे मन रमले नाही. पहिली कमाई झाली ती दोस्तांकडून. मित्रांसाठी पोस्टकार्डांवर चित्रे काढून द्यायची आणि थोडे पैसे घ्यायचे. नंतर चार वर्षे जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी. हा भाग पालकांनी नीट वाचावा, कारण व्यंगचित्रकाराची भाकरी सुरुवातीला बहुधा अशीच मिळते. जाहिरात, पुस्तकातली चित्रे, मासिकाला एक-एक चित्र विकणे, आणि नशिबाने साथ दिली तर वर्तमानपत्रात पगाराची जागा. आर. के. लक्ष्मण यांनीही जाहिरातीसाठी काम केले आहे. एशियन पेंट्सच्या डब्यावरचा हातात ब्रश घेतलेला 'गट्टू' त्यांचाच, १९५४ चा.

मारियोंना पहिली मोठी संधी 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'ने दिली. पाठोपाठ 'करंट' साप्ताहिकाने बोलावले. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने मात्र आधी नकार दिला आणि वर्षभराने त्यांनाच घेतले. इथे लक्ष्मण यांची पुन्हा आठवण होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता आणि त्याच लक्ष्मणांनी पुढे पन्नासहून अधिक वर्षे 'टाइम्स'मध्ये चित्रे काढली. आमच्या शाळेत एखाद्याला 'क' श्रेणी मिळाली की घरी मातम होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

'टाइम्स' समूहाच्या नियतकालिकांतून मारियोंची पात्रे घरोघरी गेली. मिस निंबूपाणी ही सिनेमातली नटी, मिस फोन्सेका ही ऑफिसातली सेक्रेटरी आणि बंडलदास हे मंत्री. मंत्र्याचे नाव वाचूनच काय ते कळते. तरी त्यांचा कल राजकारणापेक्षा माणसांकडे जास्त होता. एकाच कचेरीत लक्ष्मण रोज सरकारला चिमटा काढत, तर मारियो लग्नाची पंगत, लोकलमधली गर्दी, गोव्याचा मासळीबाजार आणि तालुक्याच्या कचेरीतला कारकून काढत. त्यांच्या गर्दीच्या चित्रात पन्नास माणसे असली तर पन्नास चेहरे वेगळे. मुलांना आम्ही हे चित्र दाखवतो आणि म्हणतो, मोजा, एक तरी चेहरा दोनदा आलाय का? वर्ग दहा मिनिटे एकदम गप्प बसतो. शिक्षकाला आणखी काय पाहिजे!

१९५९ मध्ये पोर्तुगालच्या गुल्बेंकियन फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली. एक वर्ष लिस्बनमध्ये काढून ते लंडनला गेले, तिथे काही वर्षे काम केले आणि परत मुंबईत आपल्या जुन्या जागी आले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या माहिती खात्याच्या निमंत्रणावरून तिकडचा दौरा झाला. तिथे 'पीनट्स'वाले चार्ल्स शुल्झ आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'चे हर्ब्लॉक भेटले. भाषा वेगळी, देश वेगळा, धंदा एकच.

आता दोस्ती. व्यंगचित्रकाराचे काम एकट्याने, टेबलाशी बसून करायचे असते, पण माल मिळतो माणसांत मिसळून. मारियोंना माणसांची कमी नव्हती. कवी डॉम मोराइस यांच्या कर्नाटकावरच्या प्रवासाच्या पुस्तकाला आणि मनोहर माळगावकरांच्या 'इनसाइड गोवा'ला त्यांनी चित्रे काढली. 'बिझीबी' या नावाने रोजचा खुसखुशीत स्तंभ लिहिणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८५ मध्ये मुंबईत 'आफ्टरनून' हे दैनिक काढले, त्यातही मारियोंची चित्रे येत. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' आला. त्यातला वाडा म्हणजे लोटलीचे मारियोंचे स्वतःचे घर. आपल्या घरात शूटिंगचा एवढा लवाजमा येऊ देणे, यालाही दोस्तीच म्हणायची.

घरातली दोस्ती वेगळीच. १९६३ मध्ये मारियोंचे लग्न हबीबा हैदरी यांच्याशी झाले. ते गोव्याचे कॅथलिक, त्या हैदराबादच्या मुस्लिम घराण्यातल्या. १९४८ पर्यंत आपला जिंतूर-परभणीचा मुलूखही त्याच हैदराबादच्या राज्यात होता, म्हणून ते नाव आपल्याला परके वाटत नाही. या लग्नाबद्दल कोणी काय म्हणावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मारियो शेवटी लोटलीच्या वाड्यात राहायला गेले तेव्हा हबीबा सोबत होत्या, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

या धंद्यातल्या मैत्रीचा आणखी एक दाखला द्यायचा तर लक्ष्मण आणि बाळ ठाकरे यांचा. दोघांनी तरुणपणी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बरोबर काम केले. पुढे ठाकऱ्यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' काढले, नंतर राजकारणात गेले. त्या राजकारणाबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लक्ष्मण आपल्या 'कॉमन मॅन'बरोबर कागदावरच राहिले. एकाच टेबलावरून उठलेल्या दोन ब्रशांच्या वाटा किती लांब गेल्या! तरी त्या दोघांची जुनी ओळख टिकली, हेही खरे.

मारियोंना १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि मृत्यूनंतर २०१२ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पाहायचे असेल तर मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती पाहाव्यात. लहानपणी आईने भिंतीवरून वहीवर आणलेला हात मोठेपणी पुन्हा भिंतीवर गेला, तो असा. गोव्यात पर्वरीजवळ तोर्डा इथे त्यांच्या चित्रांची गॅलरी आहे.

पालकांसाठी कामाची गोष्ट : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेतूनच देता येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यापुढे उपयोजित कला, ॲनिमेशन, पुस्तकांची सजावट, जाहिरात अशा वाटा आहेत. वर्तमानपत्रातल्या पगारी जागा आता पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत, तेही लपवण्यात अर्थ नाही.

त्या मुलाच्या अब्बांना आम्ही हे सगळे सांगितले नाही, एवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. पोस्टकार्डांची गोष्ट तेवढी सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारले, "एक कार्ड का कित्ता लेता था?" आकडा आम्हाला माहीत नव्हता. त्यांनी खिशातला पेन काढून फॉर्मवर सही केली आणि आमच्या चित्राचे पान वहीतून फाडून घडी करून सोबत नेले.