कॅप्टननं आणला भलताच किडा

आज फवारणीचं वेळापत्रक नाही की बाजारभाव नाही. आज एका किड्याची गोष्ट सांगतो. लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी ह्या नादाला कसा लागलो ते कळेल. तीन वर्षांमागं सीताफळाला पिठ्या ढेकूण लागला. औषधं मारून दमलो, तेव्हा एकानं सांगितलं की क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडा, ते ढेकूण खातात. आणले, संध्याकाळच्या वेळी झाडांवर सोडले. पंधरा-वीस दिवसांनी बघतो तर फळांवर, फांद्यांवर पांढरे लोकरीसारखे किडे, आधीच्या ढेकणापेक्षाही मोठे. म्हटलं, पैसे पाण्यात गेले, ढेकूण वाढलाच. पंप काढला आणि सगळी बाग धुऊन काढली. दुसऱ्या दिवशी आमचे कृषी सहाय्यक आले. खाली पडलेला एक किडा काडीनं उलटा केला आणि म्हणाले, "तात्या, हा ढेकूण नाही. तुम्ही विकत आणलेल्या भुंगेऱ्याच्याच ह्या अळ्या आहेत." त्या अळीच्या अंगावरही ढेकणासारखेच मेणाचे पांढरे धागे असतात. फरक एवढाच की धागे लांब असतात आणि अळी तुरूतुरू पळते, ढेकूण सुस्त असतो. मला काय ठाऊक? पांढरं दिसलं की मारलं.

तेव्हापासून पिठ्या ढेकणाच्या सगळ्या भावकीची माहिती मिळेल तिथनं वाचत असतो. त्यात कळलं की माझ्यासारखी चूक सव्वादोनशे वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीनंही केली होती, आणि त्या चुकीतनं जे निघालं ते जगाला उपयोगी पडलं.

ह्या ढेकणाचा एक लांबचा भाऊबंद आहे, त्याला कोचिनील म्हणतात. तो फड्या निवडुंगावर राहतो. वरनं कापसाचा पुंजका चिकटल्यासारखा दिसतो, पण बोटानं चिरडला की रक्तासारखा लालभडक रंग निघतो. मुंग्या नि इतर शत्रूंनी खाऊ नये म्हणून किड्यानं स्वतःसाठी केलेली ही सोय. माणसानं त्याचा रंग केला. मेक्सिकोतले शेतकरी हा किडा आपण कोंबड्या पाळतो तसा पाळायचे. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यांनी रानातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट मोठा, जास्त रंगाचा किडा तयार केला. पण लाडावलेलं जनावर जसं नाजूक होतं तसा तोही झाला. पाऊस आणि थंडी त्याला सोसत नाही, आडोसा करावा लागतो. माद्या हातानं वेचायच्या आणि वाळवायच्या. एक पौंड म्हणजे अर्धा किलोला थोडा कमीच माल, आणि त्याला लागायचे सुमारे ७०,००० किडे. आपल्या बायका कापूस वेचतात ते अवघड वाटतं, इथं तर किडे वेचायचे!

१५२१ मध्ये स्पेनच्या लोकांनी मेक्सिको जिंकला आणि हा रंग युरोपात नेला. असा लाल युरोपनं पाहिला नव्हता. त्या मुलखातनं स्पेनला जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल किंमत ह्या वाळलेल्या किड्यांची होती. स्पेननं गुपित असं राखलं की हे बी आहे, फळ आहे की किडा, यावरच युरोपातले विद्वान शंभर-दीडशे वर्षं भांडत होते. वाळलेला दाणा ज्वारीच्या कणीसारखा दिसायचा. शेवटी हॉलंडच्या लेवेनहुक नावाच्या माणसानं स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरून बघितलं तेव्हा पाय दिसले. हा लेवेनहुक मूळचा कापडाचा व्यापारी, शाळा-कॉलेजातला पंडित नव्हे. दहावी झालेल्या माणसाला जरा बरं वाटतं हे वाचून.

एक गंमत अशी की आपल्या भाषेत ह्या रंगाचं गुपित कधीच लपलेलं नव्हतं. आपण 'किरमिजी' रंग म्हणतो ना? त्याचं मूळ फारसीत आहे, आणि फारसीतला 'किर्म' म्हणजे आपला कृमी. मेक्सिकोचा किडा यायच्या कितीतरी आधीपासून इकडच्या जगात दुसऱ्या जातीच्या किड्यांपासून लाल रंग काढायचे. इंग्रजांचा 'क्रिमसन'सुद्धा त्याच कुळातला.

तर इंग्रज अधिकाऱ्यांचे लाल कोट ह्या कोचिनीलनं रंगायचे (साध्या शिपायांचे स्वस्तातल्या मंजिष्ठाच्या जातीच्या मुळीनं), आणि त्याचा पैसा जायचा स्पेनला. १७७७ मध्ये तिएरी द मेनोव्हिल नावाच्या फ्रेंच माणसानं तर मेक्सिकोत लपतछपत जाऊन किडे नि निवडुंग पळवून आणले आणि आज जिथं हैती देश आहे तिथं लावले. तीन वर्षांत तो वारला आणि उद्योग बसला.

मग कंपनीला वाटलं, आपल्याकडं हिंदुस्थानात निवडुंग आहेच. निवडुंग मूळचा अमेरिकेचा, पण जहाजांबरोबर येऊन इथं कुंपणाला रुजला होता. मद्रासला कंपनीचा एक डॉक्टर होता, जेम्स अँडरसन. १७८६ मध्ये त्याला गवतावर एक किडा सापडला आणि हाच कोचिनील असं त्यानं लंडनला कळवलं. तो नव्हता. ही पहिली चुकीची ओळख. तरी माणूस खटपट्या. त्यानं मद्रासजवळ सैदापेठेत खास निवडुंगाची बाग उभी केली आणि खरा किडा कुणी आणतो का याची वाट बघत बसला.

१७९५ मध्ये कॅप्टन नील्सन नावाचा एक लष्करी गडी जहाजानं हिंदुस्थानात येताना ब्राझीलच्या रिओ बंदरात थांबला. तिथं गावाबाहेर निवडुंगावर त्याला पांढरे पुंजके दिसले, चिरडले तर लाल. कोचिनील सापडला! किड्यांसकट पानं जहाजावर घेतली. कित्येक महिन्यांच्या प्रवासात बरेच किडे मेले, पण थोडे जगून कलकत्त्याच्या बागेत पोचले आणि तिथनं मद्रासला गेले.

सगळे खूश. किडा भराभर वाढला. पण रंग काढला तर फिक्का आणि कमी. मेक्सिकोच्या मालापुढं त्याला कुणी विचारेना. कारण तो किडाच दुसरा होता. मेक्सिकोचा पाळीव किडा म्हणजे डॅक्टिलोपियस कॉकस. कॅप्टननं आणला तो रानटी, डॅक्टिलोपियस सेलोनिकस. (नावात सिलोन, मूळ गाव दक्षिण अमेरिका. नाव ठेवणाऱ्याला तो सिलोनात भेटला म्हणून.) पांढरा पुंजका तोच, लाल रंग तोच, पण जात निराळी. बाजारात आपण घेतो त्या बियाण्याच्या पाकिटासारखं झालं, वरचं चित्र बघून घेतलं आणि उगवलं भलतंच.

धंदा बसला, पण किड्याला कोण सांगणार? तो निवडुंग खात सुटला. पाळीव किडा जपावा लागतो, हा रानटी, त्याला ऊन-पावसाची फिकीर नाही. वर ब्राझीलमधले त्याचे शत्रू तिकडंच राहिले होते. त्या काळी इथं कुंपणाला जो एक निवडुंग फार पसरला होता त्याचे ताटवेच्या ताटवे वाळून गेले. लोकांच्या ध्यानात आलं की रंग नाही मिळाला, पण फुकटात तण गेलं. १८३६ ते १८३८ ह्या काळात हाच किडा दक्षिणेत मुद्दाम नेऊन सोडला आणि १८६० च्या दशकात समुद्र ओलांडून सिलोनला. तण मारायला मुद्दाम किडा सोडायचा, हे जगात पहिल्यांदा घडलं ते असं, आपल्या देशात. आज कृषी विद्यापीठात जैविक तणनियंत्रणाचा धडा सुरू होतो तो ह्या फसलेल्या धंद्यापासून.

आता बारकावा बघा. ह्या किड्यानं एकच निवडुंग संपवला. दुसऱ्या जातीच्या फड्या निवडुंगाला तो तोंड लावीना, म्हणून ती जात मोकळ्या रानात आणखी माजली. तिच्यासाठी १९२६ मध्ये तिसराच किडा आणावा लागला, डॅक्टिलोपियस ओपन्शी. तो सिलोनमार्गे आला आणि पाच-सहा वर्षांत दक्षिणेतली सुमारे ४०,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी गावाच्या पांढरीबाहेर निवडुंगाचं बन होतं, माणूस आत शिरत नव्हतं, आणि एका सालात 'निवडुंगाला देवी आल्या' नि सगळं सडून गेलं. आम्ही पोरं हसायचो. आता वाटतं, तिनं पाहिलेले पांढरे फोड हेच असावेत.

ऑस्ट्रेलियाचं तर विचारूच नका. तिथं १९२० च्या दशकात सुमारे अडीच कोटी हेक्टरवर निवडुंग पसरला होता. लोक शेतं टाकून गेले. आपल्याकडचा सेलोनिकस १९१४ च्या सुमारास तिकडं नेला, त्यानं त्याची ठरलेली एक जात खाल्ली, पण मुख्य तणाला हात लावला नाही. मग १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्या निवडुंग आतनं पोखरतात. दहा वर्षांच्या आत रान मोकळं झालं. क्वीन्सलँडमध्ये बूनार्गा नावाच्या गावी शेतकऱ्यांनी ह्या अळीच्या नावानं सभागृह बांधलं, १९३६ साली. पुढाऱ्याच्या नावानं नाही, अळीच्या नावानं.

पण हीच अळी १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडली, ती पसरत पसरत १९८९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात पोचली. तिथनं मेक्सिको दूर नाही, आणि मेक्सिकोत निवडुंग हे तण नाही, भाजी आहे, फळबाग आहे. २००६ मध्ये मेक्सिकोच्या एका बेटावर ती सापडली तेव्हा सरकारनं धावाधाव करून संपवली. आपल्याकडं तण मारणारा ओपन्शी किडा २०१४ पासून मोरोक्कोत उतरलाय. तिथं गावोगाव निवडुंगाची कुंपणं, फळं विकून घरं चालायची. ती कुंपणं उभ्या उभ्या वाळली. एका देशात किड्याचे आभार मानतात, दुसऱ्या देशात त्याच किड्यापायी झाडं उपटून पुरतात.

आता हे आजच का लिहितोय? माझा पुतण्या महिन्याभरापासून मागं लागलाय, "काका, बिनकाट्याचा निवडुंग लावू. पाणी लागत नाही, उन्हाळ्यात शेळ्यांना चारा होतो." चांगली कल्पना आहे, मी नाही म्हणत नाही. पण मोरोक्कोत जो निवडुंग गेला तो ह्याच खाण्याच्या जातीचा, आणि ओपन्शी किडा आपल्या देशात १९२६ पासून आहे. मग हा चारा त्याच्या तोंडी जाणार का? एका कृषी अधिकारी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, किड्याचं नाव एक असलं तरी वाण दोन असतात. दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. तिथला जुना ओपन्शी खाण्याच्या निवडुंगावर चालायचा, पण क्रूगर अभयारण्यातल्या रानटी फड्यावर चालेना. म्हणून १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातनं त्याच जातीचा दुसरा वाण आणला, तो चालला. म्हणजे जात ओळखून भागत नाही, वाणही ओळखावा लागतो. आपल्या भागात कुठला वाण आहे हे कुणी बघितलं असेल तर खाली लिहा, विशेषतः विद्यापीठातल्या मंडळींनी. चाऱ्यासाठी एकर-दोन एकर लावणाऱ्याचा पैसा त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक. दक्षिण आफ्रिकेत निवडुंगावर कोचिनील सोडला तेव्हा त्याला खाऊन टाकणारा भुंगेरा कोण निघाला असेल? आपला क्रिप्टोलेमस! तो बिचारा फळबागेतला ढेकूण मारायला आणलेला. तणवाल्यांनी त्याला मारायला निवडुंगावर डीडीटी फवारलं. म्हणजे क्रिप्टोलेमसवर पंप घेऊन धावणारा मी पहिला नाही, फक्त ते लोक त्याला ओळखून मारत होते.

सध्या पुतण्याला म्हटलंय, एकदम एकर नको. बांधाला पंचवीस पानं लावली आहेत. परवा सकाळी एका पानाच्या बुडाशी पांढरा ठिपका दिसला. पोटात गोळाच आला. काडीनं खरवडून बोटावर घेतला आणि चिरडला. पिवळट पाणी निघालं, लाल नव्हतं. साधा पिठ्या ढेकूण. तेवढं पान ओल्या फडक्यानं पुसून काढलं, पंप खोपीतच ठेवला. बाकीची चोवीस पानं रोज सकाळी उलटून बघतो. लाल निघालं तर फोटो टाकीन.