चार सुती बोल्ट, इंचाला बारा आटे

घरातल्या नळाच्या पाइपला आपण अर्धा इंची म्हणतो. लोखंडी पाइप बाहेरून मोजून बघा, २१ मिलिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. अर्धा इंच हे मुळात आतल्या पोकळीचं माप. त्यावरचे आटे इंचाला १४, तेही ब्रिटिश मापाचे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९६२ पर्यंत बाजारातून शेर-मण गेले. गंगापूर धरणाचं पाणी मात्र आजही इंग्रजी आट्यांतूनच आपल्या घरात येतं!

हे आटे आले कुठून? १८४१ पर्यंत इंग्लंडात एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नव्हतं. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या माणसानं ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि ठरवून टाकलं: आट्याचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो पाडायला सोपा. दोघांचे बरेचसे आकडे जुळतात, पण नेमक्या अर्ध्या इंचाला इंग्रजी आटे १२ आणि अमेरिकी १३. दुसऱ्या महायुद्धात एकाची सुटी अंगं दुसऱ्याला लागेनात, तेव्हा कुठे १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा एका मापावर आले.

आपल्याकडे रेल्वे, गिरण्या, विहिरीवरची इंजिनं विलायतेहून आली, त्यामुळे आटेही तिकडचेच. आपण त्यांना आपलं नाव दिलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अर्धा इंची बोल्ट तो चार सुती. भद्रकालीतल्या दुकानात आजही असंच मागायचं असतं.

नाशिकची गंमत अशी की इथे दुसरं मापही थेट कारखान्यातून आलं. १९६४ साली ओझरला एचएएलचा विमान कारखाना उभा राहिला, मिग-२१ साठी. विमान रशियन, सगळं मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या वर्कशॉपमधले जुने लेथ मात्र इंची. अशा लेथवर मिलिमीटरचा आटा पाडायचा तर १२७ दात्यांचं चाक लागतं. का? पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. दोन्ही मापं पूर्ण आकड्यात भेटतात ती पहिल्यांदा इथेच.

आता कामाचं. निफाडला मामांच्या विहिरीवर जुनं विलायती ऑइल इंजिन आहे. वीज नसली की तेच धावतं. मागच्या वर्षी त्याच्या सायलेन्सरचा चार सुती स्टड तुटला. एका मेकॅनिकनं सुचवलं, १२ मिलिमीटरचा टाका, चालतंय. चालत नाही हो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे बारा एमएमचा ढिला बसतो आणि थरथरीनं निघून येतो. अमेरिकी १३ आट्यांचा दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. तिथे पान्ह्याला पाइप लावून जोर केला की बिडाच्या ब्लॉकमधले आटे गेले. शंभर-दीडशे रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खं इंजिन भंगारात.

पूर्वी असा स्टड अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात हुडकायचा. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेनं तो हटवला. अतिक्रमण होतं, आगीचा धोका होता, तक्रारी खऱ्या होत्या. पण शहरातला जुन्या सुट्या भागांचा साठाही त्याच ट्रकांतून गेला, आणि पर्यायी जागेचा विचार करताना तो कुणाच्या हिशेबात नव्हता.

आमचं काम सातपूरच्या एका जुन्या टर्नरांनी केलं. आधी पिच गेजनं आटे मोजले, मग ५५ अंशांचं टूल घासून घेतलं. त्यांचा लेथ इंची, म्हणून १२७ च्या चाकाचीही गरज पडली नाही. शेजारच्या सीएनसीवाल्याचं यंत्र कुठलाही आटा पाडेल, पण एका नगासाठी तो सेटिंग का बदलेल? त्याचंही चूक नाही. त्याला हजार नग लागतात.

टर्नरांचं वय सत्तरीच्या घरात. हाताखाली शिकणारा कुणी नाही. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड आहे, आटे पाडणं अभ्यासात आहे. शेतावरची जुनी इंजिनं, गिरण्या, चाफकटर यांच्या एकेका नगाच्या दुरुस्तीचं काम तिथे महिन्यातून दोन दिवस लोकांकडून घ्यायला काय हरकत आहे? मुलांच्या हातात खरं काम येईल, शेतकऱ्याचं यंत्र वाचेल.

नाशिक, सिन्नर, मालेगाव, जिथे कुठे इंची लेथवर एकेक नग करून देणारे कारागीर अजून बसतात, तिथला भाग कमेंटमध्ये लिहा. फोन नंबर टाकू नका, त्यांना विचारून मगच. आणि कुणी जुना लेथ विकत असेल तर चाकांची पेटी नीट बघा. १२७ दाते मोजायला वेळ लागतो, पण ते चाक भंगाराच्या भावात देऊ नका.